त्रेचाळीस वह्या आणि नवऱ्यांची संमतिपत्रे

प्रति,
मा. अभिलेख जतन अधिकारी,
अभिलेख व वारसा कार्यालय,
दुसरा मजला, बंद लिफ्टसमोर.

विषय : महिला साहाय्य व सल्ला केंद्राच्या त्रेचाळीस नोंदवह्या नावांशिवाय, पत्त्यांशिवाय व नवऱ्यांच्या सह्यांशिवाय जतन करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पहिले त्रुटीपत्र.
२) आपले दुसरे त्रुटीपत्र, पहिल्यात काढायच्या राहून गेलेल्या त्रुटींबाबतचे.
३) आपल्या लिपिकांचे तोंडी म्हणणे : "बाई, अजून किती वेळा येणार आहात?"

महोदय,

अर्जदार ही उपरोक्त केंद्रात एकतीस वर्षे नोंदी लिहिण्याचे काम करीत असून आपणांस सविनय कळवते की,

१. केंद्र बंद झाले असून त्याची खोली महिनाअखेर शेजारच्या विभागाच्या प्रतीक्षालयासाठी रिकामी करून द्यायची आहे. तत्पूर्वी केंद्राचा इतिहास जतन करावा, असा आदेश आपण काढलात, तेव्हा अर्जदारास मनापासून आनंद झाला. आदेशानुसार आपले दोन कर्मचारी आले आणि इतिहास घेऊन गेले. त्यात उद्घाटनाची कोनशिला, केंद्र सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी फीत कापली गेली तेव्हाची अकरा छायाचित्रे, फीत कापलेली कात्री व मान्यवरांच्या अभिप्रायांची वही यांचा समावेश होता. अकरापैकी दहा छायाचित्रांत एकही बाई नाही. अकराव्यात चहाचा ट्रे धरलेला एक हात आहे, तो अर्जदाराचा आहे. कात्री आपल्या दालनात काचेच्या पेटीत ठेवल्याचे अर्जदाराने पाहिले. चांगली दिसते.

२. मागे राहिल्या त्या त्रेचाळीस वह्या. केंद्रात जी जी बाई आली, तिची नोंद या वह्यांत आहे. मात्र एक अपवाद सोडता नाव कुणाचेच नाही. केंद्राच्या पहिल्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात तसा दंडक घालून दिला होता. त्याचे कारण असे की, एक नवरा चौकशीला आला आणि टेबलापलीकडून उलटी वही सुलटी असल्यासारखी वाचून गेला. त्याला सुलटे वाचता येत होते की नाही, याबद्दल अर्जदारास शंका आहे, पण बायकोचे नाव त्याने बरोबर ओळखले. मोठ्या बाईंनी नावे लिहिलेली ती पाने फाडली आणि म्हणाल्या, "आजपासून नाव लिहायचं नाही. हातात काय घेऊन आली ते लिही."

तेव्हापासून तसेच लिहिले. कढईवाली. कुंडीवाली. एका पायात चप्पलवाली. छत्रीवाली पहिली व छत्रीवाली दुसरी. नमुन्यादाखल : "कढईवाली. सकाळी आली. उजवा हात हलवत नाही. कढई खाली ठेव म्हटले तर ठेवत नाही. बहिणीला फोन लावून दिला. बहीण म्हणाली, ये. दुपारी हसली." घाईघाईने घर सोडताना माणूस काय उचलते, हे या वह्यांइतके कुठेच लिहिलेले नसावे. अर्जदाराच्या अल्प मतीनुसार केंद्राचा इतिहास म्हणतात तो हाच.

३. आपल्या पहिल्या त्रुटीपत्रानुसार नावाशिवायची नोंद हा अभिलेख ठरत नाही. प्रत्येक महिलेचे पूर्ण नाव, पतीचे नाव व शेवटचा ज्ञात पत्ता द्यावा, असे आपण कळवले. शेवटचा ज्ञात पत्ता म्हणजे जिथून ती पळून आली तो, हे अर्जदाराने तोंडी निदर्शनास आणले. त्यावर लिपिकांनी "मग माहीत आहे ना, लिहा की," असे सुचवले. दुसऱ्या त्रुटीपत्रानुसार, या नोंदी कौटुंबिक स्वरूपाच्या असल्याने प्रत्येक नोंदीस कुटुंबप्रमुखाचे संमतिपत्र जोडावे. म्हणजे ज्याने हात मोडला, त्याची हात मोडल्याची नोंद ठेवण्यास हरकत नाही, असे त्याच्याच हस्ताक्षरात हवे. अर्जदाराने ते पत्र तीनदा वाचले, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले.

४. यापुढे घडलेल्या प्रकारात चूक अर्जदाराची आहे व ती लपवायची नाही. सर्व वह्यांत मिळून एकच नोंद पूर्ण नावानिशी आहे. ती एका शिलाईकाम करणाऱ्या बाईची. बारा वर्षांपूर्वी ती टेबलासमोर बसून म्हणाली होती, "माझं नाव लिहा, पत्तापण लिहा. लपायचं तर त्यानं लपावं." अर्जदाराने तेव्हा नियम मोडून लिहिले. एक तरी नोंद आपल्या पसंतीस उतरावी, मग बाकीच्यांचे काहीतरी होईल, या वेड्या आशेने अर्जदार तेच पान घेऊन आपल्या कार्यालयात आली.

पान पसंत पडले. इतके की आपल्या कार्यालयाने त्या पत्त्यावर, म्हणजे नवऱ्याच्या घरी, रजिस्टर पत्र पाठवून संमती मागवली. गृहस्थ चौथ्या दिवशी स्वतः हजर झाले, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी संमती दिली, फक्त इतिहासात एक दुरुस्ती सुचवली. नोंदीत "मारले" आहे, तिथे "समजावले" असावे. अर्ज रीतसर असल्याने शेऱ्याच्या रकान्यात "दुरुस्ती मान्य" असे लिहिले गेले. एकतीस वर्षांत पतीच्या संमतीने जतन झालेली केंद्राची ही एकमेव नोंद, आणि ती खोटी आहे.

गृहस्थांनी जाता जाता पत्नीचा सध्याचा पत्ता मागितला. लिपिकांनी "मिळाला की कळवतो" असे सौजन्यपूर्वक सांगितले. अर्जदाराने त्याच दुपारी तिला फोन केला. बारा वर्षांत जमवलेले दुकान तिने दोन दिवसांत आवरले आणि मशीन घेऊन दुसरीकडे गेली. अर्जदारावर ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती आता कुठे आहे हे अर्जदारास ठाऊक आहे, आणि ठाऊक नाही असे लेखी देण्यास अर्जदार तयार आहे.

५. सबब नम्र विनंती की, वह्या आहेत तशा, कढई-कुंडीसकट, आपल्या अभिलेख कक्षात एका फळीवर ठेवून घ्याव्यात. फळी कात्रीच्या पेटीपेक्षा मोठी लागणार नाही. हे शक्य नसल्यास वह्यांचे कपाट आहे त्या खोलीत, आहे त्या भिंतीला राहू द्यावे. प्रतीक्षालयात बसणाऱ्यांना त्याचा उपद्रव होणार नाही. त्यातल्या बायकांनी आजवर कुणाला उपद्रव दिलेला नाही.

६. अन्यथा महिनाअखेर आपली माणसे कपाटाचे कुलूप तोडून वह्या फाडण्यासाठी नेतील, असे समजते. त्या कुलपाबाबत एक बाब अभिलेखावर आणणे आवश्यक वाटते.

पहिल्या वहीतील सातवी नोंद 'कुलूपवाली' अशी आहे. तिचा नवरा कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जात असे. असे दोन वर्षे चालले. एके दिवशी तिने चमच्याच्या दांड्याने आतून बिजागरीचे स्क्रू काढले, दार उतरवून भिंतीला टेकवले आणि निघाली. निघताना कडीतले कुलूप कडीसकट उपटून बरोबर घेतले. का घेतले, ते तिला आजही सांगता येत नाही. मोठ्या बाईंनी किल्ल्या बनवणाऱ्याकडून त्याला नवी किल्ली करून आणली, वह्यांच्या कपाटाला ते लावले आणि तिला म्हणाल्या, "आता हे तू लावायचं, तूच उघडायचं." ती अर्जदार होय.

सबब, सदरहू कुलूप ही अर्जदाराच्या पतीची मालमत्ता असून, ती त्याच्या संमतीशिवाय घरातून आणलेली आहे. ते तोडण्यापूर्वी आपल्याच दुसऱ्या त्रुटीपत्रातील अटीनुसार कुटुंबप्रमुखाचे स्वहस्ताक्षरातील संमतिपत्र आपण मिळवावे. तो वारला, त्यास नऊ वर्षे झाली. सही येईपर्यंत थांबण्यास अर्जदाराची काही हरकत नाही.

आपली, अजून तरी नम्र,
कुलूपवाली
(वही पहिली, नोंद सातवी)

दिनांक : महिना संपायला आठ दिवस बाकी.

सोबत :
१) दोन्ही त्रुटीपत्रांच्या प्रती.
२) पतीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, शेवटचा ज्ञात पत्ता म्हणून.
३) चमचा, दांडा वाकलेला. काचेच्या पेटीत कात्रीशेजारी जागा असल्यास.
४) कपाटाची किल्ली. जोडलेली नाही.