सोनाटातली रिकामी जागा

प्रिय फिलोमिना टीचर,

काल, तुम्हाला जाऊन महिना झाला म्हणून ठेवलेल्या प्रार्थनेनंतर, तुमच्याच पियानोवर मी तुमची ती सोनाटा वाजवली. तेव्हापासून मला माझ्या हातांची किळस येते आहे. दोनदा साबणाने धुतले, तरी जात नाही! हे कोणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहितो.

शी! झाकणावर सरबताचे चिकट ग्लास होते, टीचर. जिथे तुम्ही कधी फुलदाणीसुद्धा ठेवू दिली नाहीत, तिथे! तुमचा मुंबईचा भाचा म्हणाला, "काका, जरा आटोपतं घ्या हां, माणसं जेवायची थांबलीत." आणि मी होकाराची मान हलवली. का हलवली?

आचऱ्याच्या देवळात भजनाला पेटी वाजवणारा मी, चाळिशीत तुमच्या दारात आलो. पेटीचा सूर भात्यावर जगतो. पियानोचा मात्र उमटल्या क्षणापासून विझू लागतो. मला ते सोसायचं नाही, मी सूर लांबवणारं पायाखालचं पॅडल दाबून धरायचो. तुम्ही ओरडायचात, "पेटीवाल्या, पाय काढ! मरांदे तो सूर. तेवाच दुसऱ्याक जागा गावतली."

जुन्या वळणाची सोनाटा, तीन भागांची रचना. हात हलका हवा, डावा तर पाळण्याला झोका द्यावा तसा. पहिला भाग दोनदा कशाला, असं मी विचारलं तर म्हणालात, "पयल्या खेपेक तो पावणो, दुसऱ्या खेपेक घरचो."

आणि मधला संथ भाग! तिथे सुरावट अर्ध्यावर थांबते, काहीच वाजत नाही. मी चुळबुळ केली की तुमचा टोमणा ठरलेला, "तुका खंय बस गाठूची आसा रे?" शेवटच्या आजारात तुम्ही एवढंच मागितलंत, "माझ्या मागे ती वाजव. पण ती जागा भरू नको."

काल मी पहिला भाग एकदाच वाजवला. पुढे ती जागा आली, आणि संपलं समजून मागे कोणीतरी टाळी वाजवली. मी घाबरलो. पॅडल दाबलं आणि भजनात भरतो तसे सूर भसाभसा ओतले तिथे! तसाच शेवटाकडे पळालो. भाचा पाठ थोपटून म्हणतो, "काका, मधे काय भरलंत! भारीच!" त्याला काय बोलू? त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

पण तुमचंही चुकलंच. सगळ्यांत अवघड काम या भजन्यावर का सोपवलंत? फादरांच्या क्वायरमध्ये, चर्चमध्ये गाणाऱ्यांत, कोणी नव्हतं?

भाचा घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेला आहे. ग्लासांचे गोल डाग आज पुसून आलो. एक अजून जात नाही. रविवारी सकाळी तुमच्या खिडक्या उघडून सोनाटा पहिल्यापासून वाजवेन, पहिला भाग दोनदा. ती जागा आली की पाय पॅडलवरून काढून जमिनीवर ठेवेन आणि दोन्ही हात मांडीवर. रस्त्यावरून बस गेली तर जाऊ दे.

तुमचा पेटीवालो,
बाबल