लाइट गेल्यावरचा समुद्र

आई, परवा तुझा तो समुद्रावरचा सिनेमा सापडला. त्याचं नाव आपल्याला कधीच माहीत नव्हतं, कारण केबलवाल्याला आठवण होऊन तो इंग्रजी चॅनेल लागेपर्यंत सुरुवात निघून गेलेली असायची. मी मोबाइलवर सहज काहीबाही बघत होते आणि एकदम ती आइस्क्रीमची गाडी दिसली. तीच गाडी वाळूत रुतते, तोच टोपीवाला जाड्या ती ढकलताना तोंडावर आपटतो, आणि मागं फळीवर उभं राहून लाटेवरून येणारी तीच पोरं. ती लाटेवर नाहीत, लाटेच्या चित्रासमोर उभी राहून हात हलवतायत, हे शेंबड्या पोरालाही कळावं. सांगलीच्या माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मी ओट्याला टेकून एकटीच हसत होते.

दहिवडीला तेव्हा आपला रंगीत टीव्ही नवा होता. आण्णा मुंबईच्या गोदीत कामाला, सणावाराला यायचे, त्यातल्या एका फेरीत त्यांनी तो आणला. समुद्राशेजारी राहणारा आपल्या घरातला तो एकच माणूस. तू एकदा त्यांना विचारलंस, "कसा असतोय वो समुद्र?" तर म्हणाले, "खारट असतोय. आन वास येतो." तुझं काही त्यावर भागलं नाही. मग हे सिनेमे लागायला लागले आणि तुझं तूच भागवून घेतलंस. जुने सिनेमे, तिकडं अमेरिकेतही तेव्हाच जुने झालेले. टँकरची वाट बघत हंडे ओळीनं मांडून ठेवायचे आणि आत येऊन एवढं पाणी बघायचं. "एवढं पानी, आन कुनी घागर घिऊन आलं न्हाई," असं तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मला वाटलं तुला वाईट वाटतंय. तू खूष होतीस.

रविवारी विहारातली वंदना आटोपली की आळीतल्या बायका आपल्याकडं जमायच्या. पडद्यावर ऊन येतं म्हणून दार-खिडकी लोटून घ्यायची, आणि त्या अर्ध्या अंधारात तू टीव्हीच्या शेजारी, पडद्याकडं नव्हे तर बायकांकडं तोंड करून बसायचीस. अंगणवाडीत पोरांना गोष्ट सांगायला बसायचीस तशीच. इंग्रजी तुला येत नव्हतं, मला परीक्षेपुरतं येत होतं, पण अडलंय कुणाचं? त्यांची तोंडं हलली की तू बोलायचीस. तो टोपीवाला तुझ्या आवाजात माणदेशी शिव्या द्यायचा, आणि त्याच्या तोंडाला त्या इतक्या शोभायच्या की परवा मला त्याचा खरा आवाज नकली वाटला. आंघोळीच्या कपड्यातल्या पोरी पहिल्यांदा दिसल्या तेव्हा शेजारच्या म्हातारीनं डोळ्यांवर हात घेतला, मग बोटं हळूच फाकली. तू म्हणालीस, "आवं मावशी, पान्यात जायाचं म्हटल्यावर नऊवार नेसून जात्यात व्हय?"

त्यांचे प्रश्न तरी काय असायचे. ह्या पोरांच्या आया कुठं हायत? ह्यांस्नी कामधंदा न्हाई का? तू सांगायचीस, सुट्टी हाय. कवा सपती सुट्टी? सपतच न्हाई. यावर कुणीतरी "बरं हाय बाई" म्हणायचं. मी आता दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर माणसांची दुखणी बघते, आणि आता मला तुझी ती आवड नीट कळते. त्या सिनेमांत कुणी मरत नाही. वाईट माणूस पाण्यात पडतो, भिजतो, आणि शेवटी त्याच पोरांबरोबर नाचतो. भांडण होतं तेही कोण कुणाबरोबर नाचलं यावरून. कुणी कुणाला आडनाव विचारत नाही, हे तू एकदा भाकरी थापता थापता म्हणालीस आणि पुढची भाकरी घेतलीस. शहाणी माणसं या सिनेमांना उथळ म्हणतात. म्हणोत. सकाळी पोरं वजनकाट्याला लटकवून ज्यांची वजनं वाढेनात त्यांची काळजी वाहणाऱ्या बाईला दुपारी तेवढंच पाणी हवं होतं, आणि ते तुला सापडलं याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि तो रविवार. माझी बारावी झालेली, साताऱ्याच्या नर्सिंगचा अर्ज भरलेला, आणि आत्या लोणंदचं स्थळ घेऊन आलेली. आण्णांना तिनंच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळं तिचा शब्द तोच आण्णांचा शब्द. ती जेवली, सुपारी कातरली आणि म्हणाली, "संध्याकाळच्या गाडीनं निघते, तवर काय ते ठरवू." तू म्हणालीस, "व्हय वन्सं." तिच्यासमोर तुझ्या तोंडून याहून मोठं वाक्य मी ऐकलेलंच नव्हतं. मला तुझा राग आला होता. आत जाऊन मी उशीत तोंड खुपसलं, तर तूच मला उठवायला आलीस, की सिनेमा लागलाय, बाहेर ये.

आत्या मधोमध खुर्चीवर, बाकी बायका खाली. गाडी रुतते, जाड्या पडतो, आत्यासुद्धा हसते. मग त्या पोरांतली एक वेणीवाली पोरगी वाळूतून चालत येऊन बापासमोर उभी राहते. बाप तोंड उघडतो, आणि लाइट जाते. दार-खिडकी लोटलेली, म्हणून खोलीत अंधार. लाइट गेली तरी तू सिनेमा थांबवायची नाहीस हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणीच हललं नाही. एरवी तुझ्या सिनेमातल्या पोरी बापाला पप्पा म्हणायच्या. त्या दिवशी ती पोरगी, मी माझ्या बापाला म्हणते तसं, "आण्णा" म्हणाली.

"आण्णा, मला अजून शिकू द्या. साताऱ्याला वसतिगृह हाय, मी कुनाला तरास द्यायची न्हाई. लगीन करीन की, पळून चाललीया व्हय मी? पर आधी माझ्या पायावर हुबी ऱ्हाऊ द्या."

अमेरिकेतल्या मुलीला साताऱ्याला शिकायला जायचंय, हे एकीलाही खटकलं नाही. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "आन बाप काय म्हनला?"

तू मग म्हणालीस, "बाप काय म्हननार. त्याची थोरली भन हाय तिथं, तिच्याकडं बघतुया."

त्या अख्ख्या किनाऱ्यावर आजवर कुणाची थोरली बहीण आलेली नव्हती.  मी तुझ्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. बऱ्याच वेळानं लाइट आली तेव्हा सगळी पोरं शेकोटीभोवती नाचत होती. आत्या म्हणाली, "मानला वाटतं बाप." तू पडद्याकडं बघत म्हणालीस, "मानला, वन्सं." चहा घेताना आत्यानं कपात बघतच सांगितलं, "लोनंदवाल्यास्नी मी बघून घेते. पोरीला शिकू दे आधी."

मी साताऱ्याला गेले. नोकरीला लागले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात तू गेलीस, आणि आत्याला तू कसं हातोहात बनवलंस ही आपल्या दोघींतली गंमत माझ्या एकटीकडं राहिली. परवा त्या जागेवर आल्यावर मी मोबाइल कानाशी धरला. ती पोरगी बापासमोर येते. बाप तोंड उघडतो. तो विचारतो, "गाडीची चावी कुठं ठेवलीस?" आई, एवढंच.

मला राहवेना. रविवारी दहिवडीला गेले. आत्या आता आपल्याच घरी राहते, पार थकलीय, पण दारात बसून हरभरे निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि हसत म्हटलं, "आत्या, बाप चावी मागत होता. आईनं तुम्हाला फसवलं."

ती हसली नाही. सुपातला खडा उचलून टाकत म्हणाली, "अगं, लाइट गेल्यावर टीवी बोलतो व्हय? मला काय खुळी समजलीस? तुझी आई कवा माझ्याम्होरं बोलली न्हाई. त्या दिशी अंधारात पयल्यांदा बोलाय लागली. मला तर घोर लागल्ता, तिचं बोलून हुयाच्या आत लाइट येती का काय."

हे तुला सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले. तू जिला बनवत होतीस ती अंधारात लाइट येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसली होती, आणि हे तुला कधी कळलंच नाही याचं मला फार वाईट वाटतं. पत्र कुठं जायचं नाही, घडी करून टीव्हीखाली सरकवून देईन. आणि एक सांगते. सिनेमा मी चावीपाशीच थांबवलाय. त्यांना ती सापडते की नाही, मी अजून बघितलेलं नाही.