मेंढ्याचं तोंड आणि एकोणीस शुभेच्छुक

३ नोव्हेंबर, सोमवार
भाची वैष्णवी माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आली. पुण्याची नोकरी सोडून वर्षभर घरी बसली आहे, असं ताई रडून सांगते. बसून कॉम्प्युटरवर गेम बनवत होती, हे आज कळलं. नाव 'हुर्र!'. एक म्हातारा मेंढा अख्खा कळप घेऊन वारंगा फाट्याचा हायवे ओलांडतो. ट्रक चुकवायचे. बस्स. एवढ्याला वर्ष?

म्हणे, मामा, ऑनलाइन स्टोअरवर गेमचं एक चित्र लागतं. ते पाहूनच लोक आत येतात, न्हाई तर पुढं जातात. तुमी पहिले हातानं पाट्या रंगवायचे ना, तसं एक मेंढ्याचं तोंड काढून द्या. फक्त तोंड आन नाव.

साइज विचारली. चारशे साठ बाय दोनशे पंधरा. म्हटलं, पोरी, एवढी मोकळी जागा आखाडा बाळापुरात नाही. म्हणे, मामा, फूट न्हाई, पिक्सेल. फोनवर काडीपेटीएवढं दिसतं.

काडीपेटी! या हातांनी चाळीस फुटी उमेदवार उभे केले आहेत.

पंचवीस तारखेपर्यंत हवं. एक डिसेंबरला पान उघडणार. महिनाभरात हजार लोकांनी 'गेम आला की कळवा' हे बटण दाबलं तर पोरगी इथंच राहणार. नाही तर एक जानेवारीला पुण्याच्या कंपनीत परत हजर. थोडक्यात, तिचं भवितव्य माझ्या ब्रशवर आहे. ब्रश कुठं आहेत ते शोधणे.

निश्चय : एकच चेहरा. शुभेच्छुक एकही नाही. पहाटे पाचला उठून सराव.

४ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
उठलो.

६ नोव्हेंबर
ब्रश सापडले. फ्लेक्सची मशीन आल्यापासून हात लावला नव्हता. लाकडासारखे कडक. थिनरमध्ये भिजत घातले. घाई केली तर केस तुटतात, त्यामुळे आज सराव नाही.

अभ्यास म्हणून स्टोअर पाहिलं. जगभरचे लोक किती आळशी! एक चेहरा, एक नाव, बाकी जागा रिकामी. एका चित्रात नुसता कावळा. त्या कावळ्याच्या मागं आपल्याकडं पंधरा जण आरामात बसले असते. हात जोडून.

९ नोव्हेंबर, रविवार
शिरड शहापूरला दगडोबाकडं गेलो. त्याचा वजीर नावाचा मेंढा तालुक्यात एक नंबर. काळा, शिंगं वळलेली, नजर ठाणेदाराची. पाच फोटो काढले. सहाव्या फोटोला त्यानं माझ्या मांडीवर धडक दिली. कलावंत आणि मॉडेल यांच्यात थोडा ताण असतोच.

दगडोबा म्हणे, काहून काढून राहिले फोटो? सांगितलं. म्हणे, मेंढ्याचा फोटो जगात जाईन आन मालकाचा न्हाई? हे बराबर हाय का, नरसिंगराव? त्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं. खाली कोपऱ्यात त्याच्या फोटोचा एक बारीक गोल. गोल म्हणजे चेहरा नव्हे. निश्चय शाबूत.

१२ नोव्हेंबर
शिवकन्येला (आमची मंडळी) दगडोबाच्या गोलाचा सुगावा लागला. जेवायला वाढताना म्हणे, धनगराचा फोटो चालतो, आन माझा भाऊ चालत न्हाई. वरण वाढलं नाही. प्रभूला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, यंदा उभं राहायचं आहे. कशाला ते अजून ठरलं नाही, पण फोटो तयार आहे.

निश्चयात दुरुस्ती : एकच *मुख्य* चेहरा.

वरण मिळालं.

१४ नोव्हेंबर
प्रभू आहे म्हटल्यावर त्याच्या गल्लीतला हरिचंद आला. हरिचंद आहे म्हटल्यावर त्याच्याशी न बोलणारा धर्मसिंग आला, आणि त्याला वरची ओळ हवी. कुणाला नाही म्हणायचं? याच लोकांच्या वाढदिवसांवर दुकान उभं आहे. शिवाय हजार लोकांनी बटण दाबायला हवं. फोटो असलेला माणूस बटण दाबणारच, घरच्यांनाही दाबायला लावणार. याला मार्केटिंग म्हणतात. पोरीला ते शिकवावं लागेल.

ब्रश भिजतच आहेत.

१५ नोव्हेंबर
मशीन चालवणारे अजीजभाई माझे भागीदार. हात स्वच्छ, जीभ नाही. स्क्रीनवर मी जुळवलेलं डिझाइन त्यांनी पाहिलं. म्हणे, नरसिंगभाई, सब लोगां दिख रहे, मेंढा कां है?

म्हटलं, प्रभू आणि धर्मसिंगच्या मधून शिंग दिसतंय ना.

म्हणे, वो शिंग है? मैं समझा प्रभू की मूंछ है.

अजीजभाई मशीनचे माणूस. सस्पेन्स कशाशी खातात त्यांना ठाऊक नाही.

नावही वाढवलं. नुसतं 'हुर्र!' म्हणजे कुणी कोंबड्या हाकतोय असं वाटतं. आता : 'हुर्र! एक थरारक, भावनिक व कौटुंबिक मेंढीप्रवास'. सोनेरी अक्षरं, लाल सावली, मागं सूर्यकिरण.

१८ नोव्हेंबर
वैष्णवी पाहायला आली. चित्र फोनवर घेतलं, हात लांब केला, एक डोळा मिटला. म्हणे, मामा, हीच परीक्षा असती. लोक इतकंच बघतात. अंगठा वर सरकवता सरकवता. यात मला फक्त प्रभूमामाचे दात दिसून राहिले.

म्हटलं, दात तरी दिसतात ना.

ती हसली नाही. बाकावर बसली. म्हणे, मी सातवीत होते तवा दूध डेअरीच्या भिंतीवर तुमी म्हैस काढली होती. रस्त्याच्या पल्याडून दिसायची. लोक तिच्या अंगावर हात फिरवून बघायचे. मला तसलं एक तोंड पाहिजे, मामा. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, पण मला तुमचंच पाहिजे होतं.

'होतं' म्हणाली. घाईत व्याकरण चुकलं असेल.

उद्या सकाळी काढतोच.

१९ नोव्हेंबर
ब्रश काढले. अजून अर्धा दिवस भिजले तर बरं.

२१ नोव्हेंबर, सकाळी ११
बसलो. दार आतून लावलं. कॅनव्हास नाही, म्हणून जुन्या पाटीची मागची बाजू. काळा रंग, पांढरा रंग, वजीरचा फोटो समोर.

दुपारी १
शिवकन्या चहा घेऊन आली. म्हणे, कुत्रं चांगलं काढलंय.

दुपारी ३
शिंगं मोठी केली. ती परत आली. म्हणे, कुत्र्याला काय झालं?

दुपारी ४
पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवली. हाताचा काही दोष नाही. वीस वर्षं फुटात काम केलेला हात पिक्सेलमध्ये बसत नाही एवढंच. चित्राचा खरा दम मोठ्या साइजमध्ये कळतो.

ठरलं. आधीचंच डिझाइन बारा बाय आठ फूट छापून लावायचं. पोरीनं ते रस्त्यावरून पाहिलं की बोलणंच संपलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
दुकानावर फ्लेक्स चढला. गर्दी! मोजले तर चेहरे एकोणीस. धर्मसिंग वरच्या ओळीत, पण हरिचंदपेक्षा बोटभर लहान, म्हणून रुसून दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. दोन म्हाताऱ्यांनी विचारलं, कोण गेलं?

वैष्णवी रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. मधून ट्रक जात होते. ती हलली नाही. मग आली, म्हणाली, मामा, लई कष्ट घेतले तुमी. आणि बसमध्ये चढली.

पोरीला भरून आलं असावं.

२४ नोव्हेंबर
दगडोबा टेम्पो घेऊन आला. म्हणे, वाड्यावर रात्री लई गारठा पडून राहिला, लेकरं अन् कोकरं कुडकुडायलीत, ह्ये कापड जाड हाय. म्हटलं, हे कापड नाही, कला आहे. म्हणे, व्हय, पण माझा फोटो हाय ना त्यात, मंग माझंच की.

कायदा पुन्हा त्याच्याच बाजूनं. घेऊन गेला. मेंढवाड्याला आडोसा म्हणून बांधला.

२६ नोव्हेंबर
काल पंचवीस तारीख उलटली. वैष्णवीनं फोन केला नाही. मीही केला नाही. कामाच्या माणसाला त्रास देऊ नये.

अजीजभाई म्हणे, पोरीचा फोन नहीं आया? म्हटलं, मशीन बघा.

२८ नोव्हेंबर
दगडोबाचा फोन. म्हणे, तुमची भाची आली होती वजीरचे फोटो काढायला. हा मेंढा आडोशाच्या पल्याड. मीठ दाखवलं तरी येईना. मंग काय जाणो काय झालं, लांबून पळत आला आन फ्लेक्समधून आरपार! बराबर प्रभू पाटलाच्या तोंडातून मुंडकं भायेर. शिंगं अडकली. पोरगी खाली बसून हसून राहिली आन फोटो काढून राहिली. मी म्हणलो, आगं, आधी मेंढा सोडव.

शिवकन्येला हे सांगणार नाही.

शिवकन्येला प्रभूनं सांगितलं. वरण बंद.

१ डिसेंबर, सोमवार
पान उघडलं. त्या फोटोवरून वैष्णवीनं चित्र काढलंय. मधोमध एक काळं तोंड. वळलेली शिंगं. चहूबाजूंनी फाटलेल्या भगव्या-पिवळ्या चिंध्या. त्या कसल्या ते कळत नाही, पण तो मेंढा कशातून तरी फोडून आलाय, हे कळतं. वर दोनच अक्षरं आणि उद्गारचिन्ह.

हात लांब केला. एक डोळा मिटला. दिसतो. थेट माझ्याकडं बघतो. मांडी दुखली.

रंगसंगती माझी आहे, हे नोंदवून ठेवतो.

२८ डिसेंबर, रविवार
बटण दाबणारे तेराशे बारा. वैष्णवीनं पुण्याला 'येत नाही' असं कळवलं. ताई पुन्हा रडली, या वेळी पेढे वाटत. एकोणीसपैकी एकानंही बटण दाबलं नाही. दाबलं फक्त अजीजभाईंनी, आणि त्यांचा तर फोटोच नव्हता.

वैष्णवी म्हणे, मामा, गेमच्या शेवटी नावं येतात, तुमचं टाकलंय. पाहिलं. चित्र : वैष्णवी. मेंढा : वजीर. मेंढ्याचे मालक : दगडोबा. अगदी खाली, एका बारीक गोलात हात जोडलेला मी. शुभेच्छुक : नरसिंगमामा.

चष्मा लावून पाहिलं. हात लांब करून पाहिलं. एक ठिपका.

३० डिसेंबर
तो गोल बारा बाय आठवर छापून दुकानावर चढवला. आता दिसेल गावाला.

अजीजभाई रस्ता ओलांडून पलीकडं गेले. बराच वेळ पाहिलं. तिथूनच ओरडले, नरसिंगभाई, सब चौकोनां चौकोनां दिख रहे! ये तुम हो के वजीर?