बोट ‘निर्धार’, कप्तान मी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
काल दुपारी शर्यत सुरू झाली. ४,११२ शिडाच्या बोटी, एक अख्खा महासागर, एकवीस दिवस. माझ्या बोटीचं नाव ‘निर्धार’. व्हिडिओ गेम असला तरी वारा खरा, हवामान खरं. बोट चोवीस तास चालते. मी जेवत असलो, झोपलेला असलो, दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत असलो, तरी चालते. संसारी माणसाला याहून सोयीचा गेम नाही.

हिचं म्हणणं, मी आजवर एकही गोष्ट तडीस नेलेली नाही. पुरावा म्हणून हॉलची भिंत दाखवली (दोन वर्षं अर्धी निळी), गिटार दाखवली, आणि चार महिने रखडलेला तिच्या आईचा चष्मा. मी म्हटलं, बोट बंदराला लावून दाखवतो. ठरलं. लागली, तर ही भिंतीबद्दल जन्मात ब्र काढणार नाही. नाही लागली, तर गेम बंद आणि ब्रश हातात.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, कायमचा चालू. शेजारी चिठ्ठी उभी केली : ‘हात लावू नये. – कप्तान.’ सासूबाईंनी विचारलं, मग टेबल पुसायचं कसं? म्हटलं, कडेकडेने. मग विचारलं, हा बाण कसला? वारा, शीड, कोन, सगळं चाळीस मिनिटं समजावलं. म्हणाल्या, म्हणजे वाळत घातलेल्या चादरीसारखंच की. सोडून दिलं.

५ फेब्रुवारी.
सकाळी २,९०० वा नंबर. कामावरून आलो तर २,३१०! सकाळी निघताना शीड एक अंश फिरवलं होतं, त्याचा परिणाम. संध्याकाळी दोन तास बसून आणखी बारकावे साधले. २,४८०.
निष्कर्ष : संध्याकाळचा समुद्र वाईट.

८ फेब्रुवारी, रविवार.
सुट्टी. दिवसभर सुकाणू हातात. १,६४० वरून २,२०५. सासूबाई तीनदा मागून गेल्या, तिन्ही वेळा च्‌ च्‌ केलं. विचारलं तर म्हणे गुडघे दुखतात.
रविवारी समुद्रात गर्दी फार.

११ फेब्रुवारी.
९०२!! हिला नंबर दाखवला. तिने भिंतीकडे बघितलं. जळतात माणसं.
कीबोर्डमध्ये बिस्किटाचा चुरा. मीच खाल्लं असणार. लॅपटॉपवर सासूबाईंचा जुना चष्मा ठेवलेला. सक्त ताकीद दिली. म्हणाल्या, याच्यातून बारीक आकडे दिसत नाहीत हो. कसले आकडे? म्हणे, पेपरातले. कीव आली. नवा चष्मा उद्याच टाकायचा असा संकल्प.

१३ फेब्रुवारी. दुकान, दुपारी ३.
संकल्प केला त्याला दोन दिवस झाले, पण आज चष्म्याची स्लिप खरंच कारागिराकडे धाडली.
मालकांनी विचारलं, असल्या गेममधून मिळतं तरी काय? पैसा नाही, व्यायाम नाही. त्यांना काय सांगणार. अकरा वर्षं मी या काउंटरमागे आहे, काउंटरवरचा आरसा कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा हेही मला विचारत नाहीत. तिथे समोर महासागर असतो आणि कुठे जायचं ते मी ठरवतो. बरं वाटतं. एवढंच मिळतं.
मालकांना मात्र सांगितलं, एकाग्रता वाढते.

१६ फेब्रुवारी.
नंबर २१४. सासूबाईंचा चष्मा घरी आणला. ही कॅलेंडरवर खूण करायला उठली. टोमणा आहे, पण गोड मानून घेतला.

१८ फेब्रुवारी.
घात. २१४ वरून ३८८, आज ७३०. सासूबाई दोन दिवस डोक्याला पट्टी बांधून आडव्या. नव्या चष्म्यातून म्हणे सगळं घर तिरकं दिसतं. वय.

दुपारी कारागिराचा फोन. गेले पंधरा दिवस मी स्लिपांवर डावा-उजवा लिहायचं सोडून ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ लिहितोय म्हणे. त्याने बिचाऱ्याने अंदाजाने काचा बसवल्या, उलट्या. एकूण अकरा चष्मे. पैकी एक सासूबाईंचा. मालकांचा पारा चढला. एक तर समुद्र नाही तर दुकान, म्हणाले. सगळे चष्मे दुरुस्त करून देईन असं कबूल केलं. सासूबाईंचा आजच केला.
पोर्ट म्हणजे डावं, हे आपल्याकडे शिकवतच नाहीत.

२० फेब्रुवारी.
९६!!! सासूबाई नवा चष्मा लावून टुणटुणीत. मीही. दडपण आलं की माझा खेळ खुलतो, हे शाळेपासून आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.
शेवटचा दिवस. ३१ वा. बंदर फक्त साठ मैल. सुट्टी असल्यामुळे सुकाणू जातीने घेतलं. सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, काही करू नका, आहे तसंच राहू द्या. कप्तानाला असं सांगतात का कुणी?

१२.४०.
म्हणाल्या, डावीकडे घ्या, बेट आहे. मी म्हटलं, पोर्ट म्हणा.

१२.५१.
बोट बेटावर. शर्यतीतून बाद. बेट नकाशात होतं.
फार वाईट वाटलं. सासूबाईंनी डोळे पुसले आणि चहा टाकायला गेल्या. एका गेमसाठी त्यांनी एवढं मनाला का लावून घ्यावं?

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.
गेमवाल्यांकडून प्रवासाचा अहवाल आला. ‘उत्तम सुकाणू : रोज सकाळी १० ते संध्याकाळी ५. रविवारी नाही.’ त्या वेळी मी दुकानात असतो. तांत्रिक बिघाड. तक्रार लिहायला घेतली.

अर्धी लिहून झाली आणि बिस्किटाचा चुरा आठवला.

१ मार्च, रविवार. दुपारी ४.
तक्रार पाठवली नाही. नवी शर्यत आज सुरू झाली. बोटीचं नाव ‘चादर’. मी विचारलं, निदान संध्याकाळी थोडं सुकाणू? सासूबाई म्हणाल्या, तुमची भिंत व्हायची आहे ना.
शिडीवरून टेबल दिसतं. चिठ्ठी तीच, अक्षर माझंच. आता तिचं तोंड माझ्या खुर्चीकडे आहे.