हिरवा रुमाल आणि मिस्ड कॉल

१६ नोव्हेंबर २००८

गजेंद्र आज पुण्याला परत गेला. जाताना शोभाच्या खाटेसमोर, कपाटावर कॅमेरा बसवून गेला. मुठीएवढा आहे. तारेनं मोडेमला जोडला. तिकडे त्याला कंपनीच्या लॅपटॉपवर आईची खोली दिसणार. पॅरालिसिसनंतर तिला सावंगीच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हेच होतं.

मला सगळं समजावलं. आयपी अॅड्रेस म्हणजे कॅमेऱ्याचा घर नंबर. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती फोटो. आपल्याकडे दोनच. "बाबा, पुलगावले बँडविड्थच नाई." म्हणजे रूळ एक आणि गाड्या दहा. असं सांग ना मग! जन्म रेल्वेत गेला माझा.

१७ नोव्हेंबर

पण त्याला दिसलं हे मला कसं कळणार? स्टेशनातून गाडी न थांबता जायची तेव्हा आम्ही फलाटावरून हिरवी झेंडी दाखवायचो, शेवटच्या डब्यातून गार्डानं हिरवी दाखवायची. ऑल राइट. गार्डाचं उत्तर नाही आलं तर लगेच पुढच्या स्टेशनला फोन — गाडी थांबवा, काय झालं पाहा.

तेच ठरवलं. सकाळी आठला मी कॅमेऱ्यासमोर हिरवा रुमाल हलवीन. दिसला की त्यानं मिस्ड कॉल द्यायचा. लाइट नसली तर रुमाल नाही, कॉलही नाही. लाइट आल्यावर पाहू. "बाबा, तुम्ही अजून ड्युटीवरच आहात," म्हणाला. हसला.

२३ नोव्हेंबर

रविवारचा फोन. "आई, अंबाडा मस्त घातला आज. निळं लुगडं शोभून दिसते." शोभा अर्ध्या तोंडानं हसली. दिवसभर खुश होती.

२ डिसेंबर

मोशन डिटेक्शन म्हणजे खोलीत काही हललं की त्याला आपोआप मेल जाते. शोभा हलत नाही. मेल जातात त्या सगळ्या शोभाचं करायला येणाऱ्या धुरपताच्या. तिला सांगितलं तर कॅमेऱ्याकडे पाठ करून झाडायला लागली.

११ डिसेंबर

रुमाल. मिस्ड कॉल. ऑल राइट.

२८ डिसेंबर

गजेंद्रचा फोन. "आई बरी दिसते." तेवढंच. कामात असेल.

९ जानेवारी २००९

धुरपता म्हणाली, "बाबूजी, केसाचा गुता होऊन राह्यला. बाईले दुखते. कापून टाकू काय?" कमरेपर्यंत केस होते शोभाचे. मी हो म्हणालो. कात्री चालली तशी ती रडली, डाव्या डोळ्यानं जास्त. "गजूले... दिसन," म्हणाली. मग तोंड भिंतीकडे.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पाहवलं नाही.

११ जानेवारी

रविवार. केसांबद्दल चकार शब्द नाही. मीच विचारलं, आई कशी दिसते? "बरी दिसते बाबा." शोभाला वाटलं, त्याला आवडलं नाही म्हणून बोलत नाही. डोक्यावरून पदर घेऊन दे, म्हणाली. धुरपतानं घेऊन दिला.

३ फेब्रुवारी

लोडशेडिंगचं टाइमटेबल बदललं. सकाळी सातलाच लाइट गेली. मोडेमचे दिवे बंद, कॅमेरा बंद. रुमाल माझ्या खिशातच.

आठला मिस्ड कॉल आला.

४ फेब्रुवारी

आज लाइट होती. मी कॅमेरा भिंतीकडे फिरवून ठेवला. आठला कॉल आला. भिंतीला ऑल राइट!

पाहतच नाही तो. कधीपासून, देव जाणे. घड्याळ पाहून बटण दाबतो. आणि ही बाई त्याच्यासाठी रोज पदर सारखा करवून घेते. इतका राग आला की चहाही गेला नाही. तिला काय सांगू?

१५ फेब्रुवारी

गजेंद्रचा फोन उचलला नाही. शोभा म्हणाली, "त्याले दिसते ना मी?" दिसते म्हणालो. कॅमेरा पुन्हा तिच्याकडे केला आहे. सकाळी रुमालही हलवतो, तिच्यासाठी. रुमाल आता तिच्या उशीखालीच ठेवतो. वाजला फोन की ती डोळे मिटते, समाधानानं. मला तो आवाज नको झाला आहे.

२ मार्च

आज कॉल आला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. इतके दिवस त्या कॉलवर जळत होतो, आज त्याचीच वाट पाहत फोन हातात धरून बसलो. त्याचा फोन बंद. शोभा सारखी फोनकडे पाहत होती.

गार्डाचं उत्तर नाही, तर पुढचं स्टेशन. सुनेला फोन लावला. रुचिकानं उचलला, माझा आवाज ऐकला. मग रडली. म्हणाली, "बाबा, यांची नोकरी डिसेंबरातच गेली. कंपनीनं लॅपटॉप काढून घेतला. तुम्हाला सांगू देत नव्हते. रोज मुलाखतीला जातो म्हणून निघायचे आणि कुठंतरी बसून राहायचे. आठचा मिस्ड कॉल तेवढा चुकू दिला नाही. काल संध्याकाळी न सांगता घरातून गेले."

मी पंधरा तारखेला त्याचा फोन उचलला नव्हता. तेवढंच डोक्यात फिरून राहिलं आहे.

३ मार्च

पहाटेच्या गाडीनं गजेंद्र आला. दाढी वाढलेली, हातात काही नाही. सरळ आईच्या खोलीत गेला आणि दारातच थांबला. "आई, केस कुठं गेले तुये?"

शोभानं माझ्याकडे पाहिलं. सगळं कळलं तिला. डावा हात उशीखाली घातला, रुमाल काढला आणि त्याच्याकडे पाहून हलवला.

 गजेंद्र तिच्या खाटेपाशी खाली बसला, अजून तिथेच आहे.