साहेबाची पांढरी चटणी आणि तुमचा शेवगा

देवास,
४ मार्च २००२

तीर्थस्वरूप सौ. आक्कासाहेबांच्या पायांशी धाकट्या शरदचंद्राचा दंडवत पोचावा. इकडे सर्व ठीक असून तिकडेही तसंच असणार असं धरून चालतो. दाजीसाहेबांच्या गुडघ्याला धारच्या थंडीने जाता जाता पुन्हा धरलं असं कळलं. (तिळाचं तेल गरम करून लावावं, गार लावून उपयोग नाही, हे मी मागेही लिहिलं होतं आणि तुम्ही मागेही ऐकलं नव्हतं.) आमच्या प्रकृती उत्तम. नळ चार दिवसांआड येतो, तेवढं सोडलं तर देवासला काही दुःख नाही. तुमच्या शेवग्याविषयी सावकाशीने शेवटी लिहितो. आधी आनंदाची बातमी घ्या: आपल्या जान्हवीचं लग्न ठरलं. हे फोनवरच कळवावं असं सुनेत्राचं म्हणणं होतं, परंतु फोनवर तुम्ही मधेच प्रश्न विचारता, आणि ह्या हकिगतीत मधेच प्रश्न विचारले तर ती बिघडते. म्हणून पत्र.

मुलगा शुभंकर, इंदूरला जान्हवीच्याच ऑफिसात आहे. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, आपण फक्त पोहे करायचे होते. अडचण होती ती त्याच्या आजोबांची. गणोजीराव चौऱ्याऐंशी वर्षांचे, काठीपेक्षा ताठ, आणि त्या घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी शब्द काढत नाही. शिवाय त्यांचे वडील धाकट्या पातीच्या मुदपाकखान्याचे कारभारी. आपले पणजोबा थोरल्या पातीच्या मुदपाकखान्यावर. एका गावाला दोन राजे, दोन दरबार आणि दोन स्वयंपाकघरं असली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. (दाजीसाहेब धारचे, त्यांना सांगा: धारला एकच दरबार होता म्हणून तुमच्याकडची माणसं इतकी शांत.) संस्थानं विलीन होऊन पन्नास वर्षं उलटली, पण गणोजीरावांपर्यंत ती बातमी नीट पोचलेली नसावी. जानेवारीत मुलगी पाहायला आले, पोहे संपवले, आणि हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. निघताना मात्र जोड्यात पाय घालता घालता म्हणाले की आमच्या लहानपणी मोठा साहेब जेवायला आला की भाजलेल्या मटणाबरोबर एक पांढरी इंग्रजी चटणी व्हायची, सायीसारखी मऊ आणि मेंदूपर्यंत जाणारी. वाटी पुसून खायला मी टपलेला असे. आता अख्ख्या माळव्यात ती कुणाला येत नाही, आणि थोरल्या पातीकडे तर ती कधी नव्हतीच.

आता तुम्हीच सांगा आक्कासाहेब, ह्यावर मी काय करायला हवं होतं? सुनेत्रा म्हणते, गप्प बसायला हवं होतं. पण पणजोबांचा फोटो समोरच्या भिंतीवरून माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, ती चटणी आमच्या घरी आजही होते. गणोजीरावांनी घातलेला जोडा परत काढला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, मग खाऊ घाला, बाकीचं त्याच दिवशी बोलू. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर जान्हवी म्हणाली, "बाबा, तुम्ही हे फालतूमध्ये काय बोलून बसले? आता त्यांनी मना केलं तर?" (तिचं मराठी हिंदी शाळेने असं करून ठेवलं आहे, पण मुद्दा बरोबर होता.) ती रागावली असती तर मी समजूत काढली असती. ती रागावली नाही, आत जाऊन दिवा न लावता बसली, आणि ते मला फार लागलं. तेव्हाच ठरवलं की चटणी करायचीच, आणि अशी करायची की म्हाताऱ्याने नाव काढलं पाहिजे.

मी कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल पाहिला आहे. एखादी वस्तू कुठेतरी होत असेल तर ती देवासलाही होते, ही माझी श्रद्धा आहे. जान्हवीने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून शोधून दिलं की त्या चटणीत हॉर्सरॅडिश नावाचं एक तिखट मूळ किसून घालतात. ते मूळ थंड मुलखातलं. इंदूरला सियागंजात मी ते नाव कागदावर लिहून दुकानं फिरलो. एकाने चणे दाखवले, एकाने गुरांचं औषध, आणि एक शेठ मला बसवून घेऊन प्रेमाने म्हणाला, "भिया, अंग्रेज गए, उनका सामान भी साथ ले गए, आप काहे परेशान होते हो, कचोरी खाओ." कचोरी खाऊन परत आलो. मग एका सकाळी टेकडीवर फिरताना मोरोपंत भेटले. हे कॉलेजात बॉटनी शिकवायचे, अजूनही शिकवतात, फक्त समोर वर्ग नसतो. त्यांनी सांगितलं की हिंदुस्थानातल्या इंग्रजांनाही ते मूळ मिळत नसे, म्हणून ते आपल्या शेवग्याचं मूळ किसून वापरत, वास आणि झणका थेट तोच, इतका की शेवग्याला त्यांनी त्याच मुळाचं नाव दिलं होतं. फक्त साल पूर्ण काढायची, ती विषारी, आणि खायचं ते बेताने. मोरोपंत पुढे पानांवरही बोलणार होते, पण मी तोवर टेकडी उतरलो होतो. शेवगा तर आपल्या परसातच उभा. (त्याविषयी शेवटी लिहितो म्हटलं आहे, विसरलेलो नाही.)

खणण्याचं फार वर्णन करत नाही. कुदळ मी स्वतः मारली, एकाच बाजूने मारली, कारण दुसऱ्या बाजूला सुनेत्राची तुळस आहे. वरची मुळं बारीक आणि पुचाट निघाली, म्हणून खाली गेलो. शेजारचे उमाशंकर भिंतीवरून डोकावून विचारू लागले, "भिया, क्या खोद रिये हो? राजा लोगों का माल गड़ा है क्या?" मी म्हटलं, तसंच समजा. शेवटी मनगटाएवढं जाड, पांढरंधोट, कुदळीचा घाव बसताच नाकात शिरणारं मूळ हाती आलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो नोकरी कायम झाली तेव्हाही झाला नव्हता.

पहिल्या दिवशी किसायला बसलो आणि डोळ्यांतून अशा धारा लागल्या की पोस्टमनने घरात काही झालं का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी स्कूटरचं हेल्मेट घालून, काच खाली पाडून किसलं. हा उपाय अचूक आहे, कुणालाही बिनधास्त सांगा. पुढचा प्रश्न सायीचा. कोमट सायीत किस आणि सिरका घातला तर तिचं पनीर झालं, ते संध्याकाळी मटार घालून खाल्लं आणि मटार सांडले, कारण तिघांचेही डोळे मिटलेले होते. नंतर साय गार करून मिक्सरमध्ये घातली, तर तिचं लोणी झालं. तिसऱ्यांदा मी मिक्सरचा नाद सोडला, गार साय रवीने हलकी घुसळली, सिरका किसावर आधी टाकून तो मुरवला, मीठ, चिमूटभर साखर, आणि सगळं हळूहळू एकत्र केलं. पांढरीशुभ्र, मऊसूत, चमच्यावरून ओघळणार पण सांडणार नाही अशी. बोटभर चाखली आणि कानातून काहीतरी बाहेर गेल्यासारखं वाटलं. सुनेत्राला चाखायला दिली. तिने चमचा जिभेला लावला, खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, मोरोपंतांनी स्वतः कधी खाल्ली आहे का? मी तिला म्हटलं, शास्त्रज्ञ माणूस खात बसत नाही. वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सुनेत्राने पहाटेपासून स्वयंपाकघरात मला फिरकू दिलं नाही. भाजायचं मटण, पाहुण्यांची भाकरी, आणि वर तिला त्याच दिवशी गाजराचं लोणचं सुचलं होतं, आतून मोहरी फेसल्याचा आवाज तासभर येत होता. (बायकांना ऐन घाईत लोणची का आठवतात हे मला अजून उलगडलेलं नाही.) मंडळी आली. गणोजीरावांच्या पानात भाजलेलं मटण वाढलं आणि मी स्वतः वाटी फिरवली. जान्हवी दारात उभी, पदर बोटाला गुंडाळून. म्हाताऱ्याने मटणाचा तुकडा चटणीत बुडवला, तोंडात टाकला, आणि थांबला. चेहरा लाल झाला, नाकपुड्या फुलल्या, डोळे भरले, दोन्ही गालांवरून पाणी वाहू लागलं. शुभंकर पाण्याचा तांब्या घेऊन उठला तर त्यांनी हाताने त्याला बसवलं. मग डोळे पुसून म्हणाले, "हीच. अगदी हीच." वाटी त्यांनी बोटाने पुसून खाल्ली. मीही घेतली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, रात्रभर मुरल्याने चव आदल्या दिवसापेक्षा कितीतरी पटीने सरस उतरली होती. पानावरून उठल्या उठल्या त्यांनी जान्हवीला जवळ बोलावून हातावर नारळ ठेवला. पोरगी त्यांच्या पाया पडली आणि मग येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. आक्कासाहेब, थोरल्या पातीची अब्रू राहिली हे खरं, पण त्या क्षणी मला पाती-बिती काही आठवत नव्हती.

तर असा सगळा आनंद आहे. लग्न वैशाखात. तुम्ही आठ दिवस आधी यायचं, दाजीसाहेबांचा गुडघा घेऊन यायचं. मुलांना आशीर्वाद.

आपला,
शरदचंद्र

ता. क. शेवग्याविषयी लिहायचं राहिलंच. यंदा चैत्रात शेंगांच्या जुडीची वाट पाहू नये. परवा थोडा वारा सुटला आणि झाड, भर फुलोऱ्यात असताना, तुळशीच्या विरुद्ध बाजूला आडवं झालं. तुळस सुखरूप आहे. उमाशंकरच्या ओसरीचे पत्रे तितके सुखरूप नाहीत. ते दार वाजवून म्हणाले, "भिया, आपका सुरजना हमारे याँ पधार गिया है, चाय पिलाऊँ के?" ते झाड तुम्ही आईसाहेबांसाठी धारहून फांदी आणून स्वतः लावलं होतं, त्यांना शेवग्याची आमटी आवडायची म्हणून, हे मला ठाऊक आहे. तुम्ही रागवाल हेही ठाऊक आहे. परंतु शेवग्याचं लाकूड मुळातच ठिसूळ, असं मोरोपंत म्हणाले.

ता. क. २. गणोजीरावांची इच्छा आहे की लग्नाच्या पंगतीत ती चटणी प्रत्येक पानाला असावी. मी शब्द दिला आहे. त्याला मूळ बरंच लागेल, आणि माझ्या ओळखीत एवढा जुना शेवगा आता एकच, तुमच्या परसातला. घाबरू नये. चूक कुठे झाली ते मला नेमकं कळलं आहे: एका बाजूने खणलं की झाड कलतं, चारी बाजूंनी सारखं खणलं तर कलायला त्याला बाजूच उरत नाही. रविवारी पहिल्या बसने येतो. कुदळ माझी आणतो, तुम्ही फक्त हेल्मेटची सोय पाहावी.

वन्संना सुनेत्राचा नमस्कार. ह्यांनी पाकिटाला डिंक लावायला पत्र माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी. ते बसमध्ये बसायच्या आत हे तुमच्या हाती पडो. परसदाराला कुलूप लावा. जेवू घाला, मांडूला फिरवून आणा, पण कुदळ हाती देऊ नका. त्या रविवारी वाटीत ह्यांची चटणी नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते मूळ खाऊ घालायला माझा जीव धजावला नाही. ती मी पहाटेच मोरीत ओतली आणि त्याच वाटीत किसलेला पांढरा मुळा, साय आणि सणसणीत फेसलेली मोहरी घालून ठेवली. मोहरी अशी फेसायला तुम्हीच मला शिकवलंत.

हात धुवायला गणोजीराव मोरीपाशी आले तेव्हा हळूच म्हणाले, सूनबाई, मोहरी उत्तम फेसलीय. मी सारवासारव करायला गेले. तर ते हसून म्हणाले, आमच्याकडेही हेच व्हायचं, साहेबाचं ते मूळ मुंबईहून येईतो वाळून काडी व्हायचं, मग आचारी मोहरी फेसायचा आणि साहेब विलायतेची आठवण काढत तीन वेळा वाढून घ्यायचा. व्याह्यांना मात्र सांगू नका, म्हणाले, त्यांचे डोळे अजून सुजलेले आहेत.

तेव्हा तुमचं झाड फुकट गेलं, वन्सं, आणि त्याबद्दल ह्यांना हवं तेवढं बोला, तुमचा हक्क आहे. पण चटणीचं बोलू नका. लग्नात ती मीच करीन आणि वाढायला तेच फिरतील. ह्यांच्याबरोबर परत येताना शेवग्याची एक फांदी तेवढी द्या. ठिसूळ लाकूड वगैरे त्यांनी तुम्हाला लिहिलं आहे. इथे नळ चार दिवसांआड येतो, आणि आपल्या अंघोळीच्या बादलीतलं तांब्याभर पाणी वाचवून ते रोज सकाळी त्या रिकाम्या खड्ड्यात ओततात, मी पाहत नाही असं समजून.