एक वर्ष जास्त

मंगला गौरी, वाराणसी
१८ नोव्हेंबर २०२५

ती. आई,

वाकून नमस्कार. म्हणजे सध्या जमेल तेवढं वाकून.

इथे आम्ही तिघंही ठीक. ओजसची सर्दी गेली, ती आता निनादकडे आली आहे. रेल्वेच्या ऑफिसात तो रुमाल नाकाला लावून बसतो आणि घरी आल्यावर जगातला पहिला आजारी माणूस असल्यासारखा विव्हळतो. पंचगंगा घाटावरचे आकाशदिवे उतरले, गर्दी ओसरली, गल्लीतून सरळ चालता येऊ लागलं. मी मात्र हल्ली घाटाच्या पायऱ्या उतरत नाही, गच्चीवरूनच गंगेला हात जोडते. मालविकावन्संचा गुडघा कसा आहे? तुम्ही असताना त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायला मिळत नसेल, म्हणजे बराच असणार.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर तुम्ही ‘बरं आहे ना? ओजसला दे’ एवढंच बोलता. जूनपासून हेच चाललंय. पत्राला ‘ओजसला दे’ म्हणता येत नाही.

जूनचं मला रोज आठवतं. माझ्याबरोबर शाळेत लागलेले सुशांत सर पक्के झाले, आणि ओजसच्या वेळच्या रजेनं नोकरीत खंड पडला म्हणून माझं प्रोबेशन एक वर्ष वाढलं. तुम्ही पदर खोचून शाळेच्या मॅनेजरसाहेबांकडे निघालात. मी दारात आडवी आले आणि म्हणाले, “आई, तुम्ही मध्ये पडू नका.” त्याच आठवड्यात तुम्ही वन्संकडे इंदूरची गाडी धरलीत. मला तेव्हा नोकरीची भीती होती. ती भीती कालपर्यंत होती. काल संपली. कशी, ते सांगते.

दिवाळीनंतर अकरावीच्या मुलींना मी इंग्रजांच्या समुद्रापलीकडच्या पहिल्या वसाहती शिकवत होते. व्हर्जिनिया, बार्बाडोस वगैरे. पुस्तकात दोन पानं आहेत, आणि ती वाचताना मलाच जांभई येते. मग म्हटलं, वर्गातच वसाहत वसवू. चिठ्ठ्या टाकल्या. कुणी गव्हर्नर, कुणी पाद्री, चार मळेवाल्या, बाकी सगळ्या करारानं बांधलेल्या मजूर. बोटीच्या भाड्यापायी गरीब गोरी माणसं काही वर्षं अशी बांधून घ्यायची. नियम मी तिथल्याच जुन्या कायद्यांतून घेतले. प्रार्थना चुकवली तर त्या दिवसाचा शिधा बंद. पळालात तर मुदत वाढणार. रोज एकेकीनं प्रसंगाची चिठ्ठी उचलायची आणि गव्हर्नरनं नियम वाचून निवाडा द्यायचा. ज्यांना आफ्रिकेतून गुलाम करून आणलं त्यांची चिठ्ठी मात्र मी केली नाही. त्यांना मुदतच नव्हती, त्यांच्या पोरांनाही नव्हती. ते मी फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं की ह्याचा खेळ होत नाही.

गव्हर्नर कोण झाली असेल? आपल्या गल्लीतली, सुरेखाताईंची वैदेही. काडीसारखी म्हणून तुम्ही तिला फळकुट म्हणायचात. तिनं तीन दिवसांत अशी जरब बसवली की खरे गव्हर्नर चळचळा कापले असते. एक मजूर प्रार्थनेला उशिरा आली तर तिचा डबा जप्त, आणि त्यातली लौंगलता मिठाई पाद्रीबाईंनी खाल्ली. ती पोर रडत घरी गेली आणि सांगितलं, “चर्च नहीं गई तो मेरा टिफ़िन छीन लिया.” झालं. दुसऱ्या दिवशी तिचे बाबूजी शाळेत हजर. शाळेत चर्च उघडलंय म्हणून.

प्रोबेशनवरच्या बाईवर धर्माची तक्रार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्यातून मॅनेजरसाहेब म्हणाले की ते स्वतः वर्गात येऊन काय चाललंय ते पाहतील, आणि मगच शाळेची समिती माझं काय ते ठरवेल. निनादनं सुचवलं, आईला बोलावू या का. मी नको म्हटलं. कोणत्या तोंडानं बोलावणार होते?

साहेब आले. हातात काठी, तोंडात पान. मागच्या बाकावर बसले. वैदेही त्यांच्यासमोर चिठ्ठ्यांचा डबा घेऊन उभी, “सर, यहाँ जो आता है, चिट्ठी निकालता है.” मी डोळे मिटून घेतले. पण त्यांनी हसत चिठ्ठी काढली. निघाली मजुराची. मुलींना काय आनंद झाला म्हणून सांगू. त्यांनीही मजा घेतली. पान थुंकायला उठले तर गव्हर्नरची परवानगी मागितली. चर्चचा नियम मी समजावला तेव्हा मान डोलावली. तक्रार तिथेच विरली असं मला वाटलं, आणि मी जरा श्वास घेतला.

मग त्यांनी प्रसंगाची चिठ्ठी उचलली. निघालं, ‘मजूर स्त्रीला मूल झालं.’ सगळा वर्ग खिदळला. वैदेहीनं नियम वाचला आणि निवाडा दिला. कामात खंड पडला, एक वर्ष जास्त राबायचं.

साहेब काठी आपटून म्हणाले, “अरे, ये तो सरासर अन्याय है. बच्चा जनना कोई कामचोरी है?”

वैदेही काही उद्धटपणे बोलली नाही हो. तिनं नुसतं सांगितलं, “सर, तेजश्री मिस का भी तो एक साल बढ़ा था.”

आई, आपल्या गल्लीत काही लपत नाही हे मी विसरले होते. कुणी हसलं नाही. साहेब माझ्याकडे बघायला लागले आणि मला कळलं, आत्ता बोलले नाही तर कधीच नाही. नोव्हेंबरात बनारसला शाल लागते का? मी महिनाभर पांघरून फिरत होते. ती मी काढली आणि खुर्चीवर ठेवली.

“सर, पाँचवाँ महीना है,” मी म्हणाले. “अब कितने साल बढ़ेंगे?”

आता तुम्ही चष्मा काढून डोळे पुसाल, आणि मग रागावाल. रागवा. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्या गाडीनं येऊन साहेबांच्या दारात बसला असता. जूनपर्यंत माझी मुदत आणि मार्चमध्ये बाळ. पुन्हा रजा, पुन्हा खंड, पुन्हा एक वर्ष. रात्री कुशीवर वळताना मी हाच हिशेब करायची. बाळाची बातमी लपवायची गोष्ट झाली होती, ह्याचंच मला सगळ्यात जास्त रडू यायचं.

साहेब उठले. दारापाशी थांबले आणि वैदेहीला विचारलं, “गवर्नर साहिबा, जाऊँ?” तिनं परवानगी दिली.

शुक्रवारी हे झालं. शनिवार-रविवार मी घरात भुतासारखी वावरले. काल समिती बसली. आत बोलावलं तेव्हा साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, ते वाढीव वर्ष रद्द, जूनपासूनच पक्की धरली आहे, मार्चची रजा मिळेल आणि खंड धरला जाणार नाही. पुढे म्हणाले, पुन्हा मुलींच्या डब्याला हात लागता कामा नये. बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि पोटभर रडले. मग हसू आलं. शिपाई बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन उभाच.

आज शाल न घेता शाळेत गेले. किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. डॉक्टरीण म्हणते सगळं व्यवस्थित आहे. डिंकाचे लाडू करायला घेतले होते, पण निनाद म्हणतो तुमच्यासारखे झाले नाहीत. ओजसला सांगितलंय की बाळ येणार आहे. त्यानं विचारलं, आजी आणणार का?

तुमची खोली झाडून ठेवली आहे. जूनमध्ये दारात आडवी आले होते. ह्या खेपेला दार उघडून उभी आहे. या, आणि मध्ये पडा.

वाट पाहणारी, आता पक्की,
तुमची तेजश्री